वागळे इस्टेटमधली जॅमरूम: एकटीनं गेले, आता पाच जण भाडं भरतोय

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या एका जॅमरूममध्ये, म्हणजे वाजवायला तासावर भाड्यानं मिळणाऱ्या खोलीत, दोन वर्षं सलग जातेय, आता लिहायला हरकत नाही. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. एक तर पुढं तक्रारी लिहिल्या आहेत, आणि ती चालवणाऱ्या काकांनीच बजावलंय, "ताई, चांगलं लिहा, वाईट लिहा, नाव तेवढं नको. रविवारचे फोन मला आत्ताच आवरत नाहीत." ठाण्यातल्या ड्रम वाजवणाऱ्या कुणालाही विचारलंत तर पत्ता मिळेल. वागळे इस्टेटमधल्या जुन्या गाळ्यांची एक तीन मजली इमारत, दुसरा मजला. जिन्यात मिरचीचा ठसका लागला की समजा, बरोबर आलात.

ठसका शेजारच्या गाळ्यातून येतो. तिथं मसाले दळतात, आणि मंगळवारी लाल मिरची असते. गाणाऱ्यांनी मंगळवार सोडून बुकिंग करावं. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल. मी एका मंगळवारी दोन तासांचे पैसे भरून दीड तास खोकले आहे.

मी पोटासाठी कीबोर्ड वाजवते. वाद्यवृंदात. गडकरीला, घाणेकरला, वाशीला भावे नाट्यगृहात जुन्या गाण्यांचे जे कार्यक्रम होतात, त्यात डावीकडे दोन कीबोर्ड असतात ना, त्यातला आतला माझा. या धंद्यात कीबोर्डवाल्याचं काम काय, तर न आलेल्या लोकांची कामं करायची. बासरीवाला परवडत नाही, बासरीचा आवाज लाव. व्हायोलिनचा ताफा तर कधीच गेला, एका बोटाखाली बसवलाय. सतार, सॅक्सोफोन, अकॉर्डियन, मधला तो घंटेचा एक टण्णकार, सगळं माझ्याकडं. जुने लोक सांगतात, पूर्वी स्टेजवर पंचवीस-तीस वादक असायचे. आता आम्ही सात. बाकीचे माझ्या बटणांत. हे अभिमानानं सांगावं की लाजून, ते माझं अजून ठरलेलं नाही.

स्वतःची गाणी हा माझा बाजूचा उद्योग. रात्री अकरानंतर, चरईतल्या घरी, हेडफोन लावून. ड्रम मशीनचा, बास कीबोर्डचा, गिटारही कीबोर्डचीच, आवाज तेवढा माझा. तीन वर्षांत सात गाणी झाली. ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके, पण त्यातले बहुतेक सगळे एकच म्हणायचे: तुझ्या आवाजात काय ती शांतता आहे, अगदी कानात बोलल्यासारखं. मलाही ते पटलं होतं. हीच आपली शैली, असं मी धरून चालले होते.

जॅमरूममध्ये गेले ती गाणी एकदा मोठ्यानं ऐकावी म्हणून. एवढंच कारण. तेव्हा एकट्यानं रियाज करायचा दर दुपारी चारपर्यंत तासाला २०० रुपये होता, अजूनही तेवढाच आहे. बँडला ४००, शनिवार-रविवारी ५००. बुकिंग व्हॉट्सॲपवर. काका प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारतात: ग्रुपचं नाव काय आणि माणसं किती. मी लिहिलं, नाव नाही, एकटीच. त्यांनी वहीत "कीबोर्ड ताई, १" असं लिहून टाकलं.

काका पूर्वी साउंड भाड्यानं द्यायचे, आमच्या कितीतरी कार्यक्रमांना मिक्सरवर तेच असायचे. त्यामुळे माईक लावता लावता त्यांनी सवयीनं विचारलं, "पट्टी?" मी म्हटलं, पांढरी चार. (पट्टी म्हणजे सा कुठं धरायचा ते; पेटीच्या पट्ट्या रंगानं आणि आकड्यानं ओळखतात, आणि काळी पाच पांढरी चारपेक्षा उंच.) ते थांबले. "तुमची? कोरसला तर तुम्ही काळी पाचला खणखणीत लागता."

"घरी रात्री हळू गावं लागतं ना काका. सासूबाई झोपलेल्या असतात. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ."

"इथं कोण झोपलंय?"

मी ट्रान्स्पोजचं, म्हणजे सूर एकेक पट्टी वर नेणारं, बटण पाच वेळा दाबलं आणि तेच गाणं काळी पाचला म्हटलं. पहिल्या कडव्यात स्वतःचाच आवाज परका वाटला. दुसऱ्या कडव्यात वरच्या षड्जावर गेले तेव्हा पोटातून हवा निघाली, आणि शब्द जरा रागावलेले निघाले. गाणं तर मी समजुतीच्या सुरात लिहिलं होतं! घरी येऊन सातही गाणी पुन्हा ऐकली. कानात बोलल्यासारखी जी शांतता होती ती बऱ्याच अंशी त्या नऊ इंची भिंतीची होती.

म्हणून सगळी गाणी वर नेली असं समजू नका. एक नेलं आणि बिघडवलं. ते अंगाईच्या वळणाचं आहे, ते अजून पांढरी चारलाच म्हणते. उरलेल्यांपैकी चार काळी पाचला गेली, एक काळी चारला थांबलं. सातव्याची, पांढरी तीनच्या गाण्याची, कथा पुढं येईल.

आता खोलीविषयी. खोली १४ फूट बाय १२ फूट. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले नाहीत हे बघूनच मला हायसं वाटलं होतं. ट्रे लावून खोली साउंडप्रूफ होते ही समजूत अजून जात नाही. ट्रेनं आतली थोडी खणखण कमी होते, बाहेर जाणारा आवाज जातोच. आवाज अडवायला वजन लागतं. इथं काकांनी खोलीत खोली बांधली आहे: बाहेर विटांची भिंत, मग हवेची फट, मग रॉकवूल (दगडी धाग्यांची गादी) आणि प्लायचे दोन जाड थर. दारं दोन, मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी ठेवलेली काकांना खपत नाहीत. तरीही पायानं वाजवायच्या मोठ्या बेस ड्रमचा ठोका जिन्यापर्यंत येतोच, तो कुणाच्या बापाला अडत नाही.

नौपाडा, पाचपाखाडीसारख्या रहिवासी भागात अशी खोली का नाही, असं मला नेहमी विचारतात. नियम बघा म्हणजे कळेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागाला ७५ आणि ७०. रात्र म्हणजे दहा ते सहा. ड्रमकिट जोरात वाजलं की जवळ १०० च्या वर सहज जातं. भिंतीनं कितीही खाल्लं तरी उरलेलं ज्याच्या खिडकीशी पोचतं तो तुमच्यासारखाच नोकरीवरून येऊन आडवा झालेला असतो. वागळेत संध्याकाळी सातनंतर शेजारी असतात फक्त यंत्रं, आणि एक रखवालदार, ज्याला किशोरकुमार सोडून काहीही वाजवलेलं चालतं.

ड्रमवाली मला याच खोलीच्या वेळापत्रकानं दिली. माझा तास तीन ते चार, तिचा चार ते पाच. कळव्याची पोरगी, वय बावीस, हातात झांजांची पिशवी. एकदा लवकर आली आणि दोन दारांच्या मधल्या जागेत उभी राहिली. मी कीबोर्डमधला तयार ठेका लावून गात होते. बाहेर पडताना मला म्हणते, "ताई, रागावणार नसाल तर विचारू? याच्यात सम कुठं आहे?" मी म्हटलं, प्रत्येक चार मात्रांवर. (सम म्हणजे आवर्तनाची पहिली, वजनाची मात्रा.) तर म्हणे, "मोजायला आहे. ऐकू येत नाही."

वीस वर्षं वाद्यवृंदात काढलेल्या बाईला कुणी असं बोलावं! पण ती खरं बोलत होती. मशीनचा प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा होता. तिनं दहा मिनिटं तोच ठेका वाजवला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मी श्वास घ्यायला थांबते, तिथं तिनं हाय-हॅट, म्हणजे पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी, किंचित उघडला आणि पुढच्या ओळीआधी मिटला. बस, एवढंच. मी ती ओळ तीन वर्षं गातेय आणि तिथं मी श्वास घेते हे मला माहीत नव्हतं. वहीत पुढच्या आठवड्यापासून "कीबोर्ड ताई, २" आलं आणि दर २०० चा ४०० झाला. दोघींसाठीसुद्धा बँडचाच दर लावतात, हे मला आजही पटलेलं नाही. दोघींना ३०० ठीक होते.

दोघींसाठी ही खोली अगदी नेमकी आहे. एसी पुरतो, वायरी पायात येत नाहीत, समोरासमोर बसता येतं. किट बरं आहे. स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम) आणि पेडल आपलं नेलेलं चांगलं. माईक शुअर कंपनीचे ५८ नंबरचे आहेत, मजबूत, पण जाळीला आधीच्या दहा गायकांचा वास असतो. मी स्वतःचा माईक नेते. तुम्हीही न्या. वर फोम चढवून भागवू नका, सरळ स्वतःचा माईक.

बासवाला, म्हणजे खर्जातली बास गिटार वाजवणारा, ऐरोलीचा. आयटीत आहे, चाळिशी उलटलेला, ड्रमवालीच्या क्लासमधल्या कुणाचा तरी मामा. त्याच्यामुळे आम्हाला खोलीचा खरा स्वभाव कळला. पांढरी तीनचं माझं जे गाणं आहे, त्यात बासची सगळ्यात जाड तार मोकळी धरून ठेवायची असते. त्यानं ती छेडली आणि खोली गुरगुरली. दाराची काच थरथरली, स्नेअरच्या तारा आपोआप खरखरल्या, आणि बाकी कुणाचं काही ऐकू येईना. दुसरा कुठलाही स्वर लावला की शांत. पुन्हा ती तार, पुन्हा घूंऽऽ.

आम्हाला वाटलं ॲम्प, बासचा आवाज मोठा करणारा डबा, गेला. काका आले, ऐकलं आणि हसले. मग त्यांनी खडूनं फरशीवर हिशेब मांडला. त्या तारेची सेकंदाला साधारण ४१ कंपनं. आवाज हवेतून सेकंदाला जवळजवळ ३४५ मीटर जातो. भागा. एका लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या आत, म्हणजे जवळजवळ २८ फूट. खोली १४ फुटांची. लाट पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येईपर्यंत २८ फूट होतात, आणि ती नेमकी पुढच्या लाटेच्या पाठीवर बसते. "झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की कसा वाढत जातो, तसं," काका म्हणाले. "बांधताना दोन फूट लांब बांधली असती तर दुसरा कुठला तरी सूर गुरगुरला असता. प्रत्येक खोलीचा एक असतोच."

उपाय त्यांनीच सांगितला. बासचा ॲम्प सगळे जण कोपऱ्यात ठेवतात, तिथं ही गुरगुर सगळ्यात जास्त चेकाळते. तो लांब भिंतीच्या बरोबर मधोमध आणला, सात फुटांवर, आणि फरशीला लाल चिकटपट्टीची खूण केली. निम्मी गुरगुर गेली. उरलेल्या निम्म्यासाठी बासवाल्यानं तो स्वर एक सप्तक वर घेतला आणि फक्त शेवटच्या ओळीला खाली आणला. आता शेवटच्या ओळीला खोली गुरगुरते, आणि आम्हाला ती तशीच हवी असते. दुसऱ्या हॉलमध्ये वाजवलं की ती जागा रिकामी वाटते. लाल खूण अजून आहे. कुणी ॲम्प कोपऱ्यात सरकवला असेल तर मधोमध आणा, काका काही म्हणत नाहीत.

गिटारवाला मिळाला तो काकांच्या चुकीनं. एका रविवारी आम्ही तिघं सकाळी दहाला पोचलो तर आत डोंबिवलीची चार मुलं, काळे टी-शर्ट, वायरी जोडून तयार. दोघांनाही दहाचीच वेळ दिलेली. ही चूक त्या वर्षात तीनदा झाली. वहीत एक लिहायचं आणि व्हॉट्सॲपवर दुसऱ्यालाच हो म्हणायचं, हा काकांचा जुना रोग आहे. पैसे परत मागितले की ते देतात, कुरकुर न करता. पण कळव्याहून, ऐरोलीहून, डोंबिवलीहून सामान उचलून आलेल्यांना परत मिळालेल्या ५०० रुपयांचं काय करायचं असतं?

शेवटी अर्धा-अर्धा तास वाटून घेतला आणि एकमेकांचं ऐकत बसलो. त्यांचं वाजवणं माझ्या कानांच्या पलीकडचं होतं. पण त्यातला एक मुलगा आमच्या वेळात कोपऱ्यात बसून राहिला आणि नंतर मला म्हणाला, "मॅडम, तुमच्या रेकॉर्डिंगमधली गिटार कीबोर्डची आहे ना? कारण तो कॉर्ड गिटारवर धरायला सात बोटं लागतील." पुढच्या रविवारी तो आमच्यात होता. काळी पाचची गाणी तो तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे पडद्यावर, कॅपोचा चिमटा लावून जी-मेजरच्या आकारात धरतो, मोकळ्या तारा वाजतात. माझ्या बटणातून ती झुळझुळ तीन वर्षांत एकदाही निघाली नव्हती. पाचवा आमच्याच वाद्यवृंदातला ढोलकीवाला. तो "बघायला" आला होता.

पाच जण झाल्यावर ही खोली अपुरी पडते, हे स्पष्ट लिहायला हवं. काका दारावर "सहा जणांपर्यंत" असं लिहितात ते उभं राहण्याच्या हिशेबानं. दीड टनाचा एसी पाऊण तासानंतर हात टेकतो. ढोलकीची घुमणारी बाजू आणि बेस ड्रम एकाच जागेसाठी भांडतात. भाड्याच्या दोन वेळा आम्ही फक्त त्यातच घालवल्या. शेवटी ड्रमवालीनं कडव्यात बेस ड्रमचा पाय उचलला आणि तिथं ढोलकीला मोकळं सोडलं. ढोलकीवाला आखूड भिंतीला टेकून बसतो, तिथं बासची गुरगुर सगळ्यात जास्त येते, आणि ती माझ्यामुळेच येते असं त्याचं ठाम मत आहे. "मॅडम, कार्यक्रमात बरं होतं. तुम्ही एकट्याच सगळं वाजवायचात." तो हे थट्टेत म्हणतो. बहुतेक.

रेकॉर्डिंगची सोय आहे. आठ चॅनल, तासाला ३०० जास्त. त्यात किटला चार माईक लागतात, उरलेल्या चारांत बाकीचे. स्टुडिओची अपेक्षा ठेवू नका, सगळ्यांच्या माईकमध्ये सगळेच ऐकू येतात. पण आपण खरंच कसे वाजवतो हे कळायला याहून स्वस्त उपाय नाही.

याच रेकॉर्डिंगवरून माझ्या हातून एक गोष्ट घडली. पहिलं गाणं आम्ही इथंच धरलं. घरी आणून ऐकलं तर दुसऱ्या अंतऱ्यात लय चढलेली. मोजलं: मिनिटाला ९२ ठोक्यांवर सुरू झालेलं गाणं अंतऱ्यात ९६ ला पोचत होतं. रात्रीचे साडेअकरा, हेडफोन, जुनी सवय. मी ड्रम काढून टाकले, मशीनचे घातले, बाकीचं ओढून-ताणून त्यावर बसवलं आणि सकाळी ग्रुपवर टाकलं. कुणी काही बोललं नाही. ड्रमवालीनं अंगठा टाकला. नुसता अंगठा.

रविवारी खाली टपरीवर बासवाला मला म्हणाला, "अगं, एक गोष्ट सांगू?" त्याच्याकडे अशा गोष्टींचा साठा आहे. पोर्क्युपाइन ट्री या इंग्लिश बँडचा तो भक्त, २००९ च्या डिसेंबरात पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात ते आले तेव्हा हा पुढच्या गर्दीत होता. त्या बँडची गोष्ट त्यानं मला आधीच ऐकवली होती: १९८७ साली इंग्लंडमध्ये स्टीव्हन विल्सननं तो गंमत म्हणून काढला, खोटे वादक, खोटा इतिहास, खरा माणूस एकच. १९९३ मध्ये प्रत्यक्ष वाजवायची वेळ आली तेव्हा खरी माणसं गोळा केली आणि तो खरा बँड झाला. ही त्याची आवडती गोष्ट, कारण तिच्यात सगळं गोड होतं.

त्या दिवशी त्यानं दुसरी सांगितली. डेव्ह ग्रोल, निर्वाना या अमेरिकन बँडचा ड्रमवाला. एप्रिल १९९४ मध्ये त्यांचा गायक कर्ट कोबेन गेला, तो बँड संपला. त्याच ऑक्टोबरात ग्रोलनं सिॲटलजवळच्या एका स्टुडिओत आठवड्याभरात स्वतःची गाणी धरली. ड्रम, बास, गिटार, आवाज, जवळजवळ सगळं एकट्यानं. आणि नाव दिलं फू फायटर्स, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की चार-पाच जण आहेत. मग लोकांपुढं वाजवायला खरोखरच माणसं घेतली. दुसऱ्या अल्बमच्या वेळी ड्रमवर विल्यम गोल्डस्मिथ होता. त्यानं वाजवलेलं बरचसं ग्रोलनं स्वतः पुन्हा वाजवून बदललं. १९९७ मध्ये अल्बम आला तोवर गोल्डस्मिथ बँड सोडून गेला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. ग्रोलला निदान ड्रम वाजवता येत होते," असं म्हणून त्यानं कटिंगचे पैसे दिले.

मी त्या रात्री तिचे ड्रम परत घातले. ९२, ९६, जे असेल ते. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "ताई, अंतऱ्यात मी धावले नव्हते. तुम्ही वरच्या सुराला जाताना पुढं निघता, मी तुमच्याबरोबर आले." ट्रॅक पुन्हा ऐकला. माझा आवाज तिच्याआधी निघालेला स्पष्ट ऐकू येतो. घरी मशीनबरोबर गाताना मी कधी पुढं निघाले नव्हते, कारण वरच्या सुराला मी कधी गेलेच नव्हते.

असो. उरलेल्या तक्रारी उरकते. लिफ्ट मालाची आहे आणि रात्री आठला बंद होते, त्यामुळे शेवटचा तास घेतलात तर कीबोर्ड जिन्यानं उतरवायचा. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाऊ शकते आणि काकांकडं जनरेटर नाही, फक्त इन्व्हर्टरवरचा एक दिवा आणि एक पंखा आहे. अशाच एका शुक्रवारी आम्ही ढोलकी आणि नुसत्या गळ्यावर दोन गाणी केली. अंगाई तेव्हाच पहिल्यांदा पाचही जणांना नीट ऐकू आली. आठवडाभर आधी फोन करून वीज असणार का विचारा, काका खरं सांगतात. जुलैत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी येतं. खाली बादली असते. ती ॲम्पपासून लांब आहे का हे स्वतः बघा, काकांवर सोडू नका.

बायकांसाठी सगळ्यात मोठी अडचण स्वच्छतागृहाची. मजल्याच्या टोकाला एकच सामायिक, त्याची किल्ली खाली रखवालदाराकडं. दर वेळी दोन मजले उतरून एका अनोळखी माणसाकडं किल्ली मागायची आणि परत द्यायची. ड्रमवालीनं आणि मी सहा महिने हे केलं, मग काकांपुढं बसलो आणि सांगितलं की किल्लीची नक्कल मिळाली नाही तर दुसरीकडं जातो. चार दिवसांत नक्कल आली. आता ती आतल्या दाराच्या मागं खिळ्याला असते. विचारायची गरज नाही, सरळ घ्या. ही सोय आम्ही भांडून मिळवली आहे, पुढच्या मुलींनी वापरावी.

मोठ्या खोल्या ठाण्यात आहेत, घोडबंदरला तर आरशाची भिंत असलेलीसुद्धा एक पाहून आलो. तिथं बासची जाड तार छेडली तर काहीच गुरगुरलं नाही. बासवाल्यानं दोनदा छेडून बघितली, आम्ही पाचही जण भिंतींकडं बघत उभे. भाडं तासाला ८००. परत वागळेतच आलो.

वहीत अजून आमच्या नावापुढं "कीबोर्ड ताई" असंच आहे. बँडला नाव ठरलं की बदला म्हणून काका मागं लागलेत. आकडा मात्र त्यांनी स्वतःहून बदललाय, ५. खोलीत खुर्च्या तीनच आहेत, ड्रमचं स्टूल सोडून. जास्त माणसं असतील तर आदल्या दिवशी कळवा, काका मसालेवाल्याकडून एक आणून ठेवतात. ती लाकडी आहे, दणकट आहे, पण फिके कपडे घालून तिच्यावर बसू नका. हळद निघत नाही.